नवोदित वकिलांचे व्यावसायिक प्रशिक्षण

कायद्याची पदवी घेतलेल्या व्यक्तीला वकिलीचे प्रत्यक्ष काम शिकविण्याच्या प्रक्रियेस नवोदित वकिलांचे व्यावसायिक प्रशिक्षण असे म्हणतात. पक्षकाराची हकिकत ऐकून घेणे, कागदपत्रे तपासणे, वादपत्र, कैफियत व अर्ज यांचे मसुदे करणे, साक्षीदाराची सरतपासणी व उलटतपासणी घेणे, युक्तिवाद करणे, मुदती सांभाळणे आणि व्यावसायिक नीतीचे पालन करणे ही कौशल्ये या प्रशिक्षणात येतात. भारतात वैद्यकीय पदवीधरास सक्तीची आंतरवासिता व सनदी लेखापालास ठरावीक मुदतीची उमेदवारी करावी लागते. वकिलास सनद मिळण्यापूर्वी वा मिळाल्यानंतर अशा कोणत्याही उमेदवारीची कायदेशीर सक्ती सध्या नाही. महाराष्ट्रात हे शिक्षण तीन मार्गांनी होते: विधी महाविद्यालयातील प्रात्यक्षिक अभ्यासक्रम, ज्येष्ठ वकिलाच्या हाताखालील उमेदवारी आणि विधी सेवा संस्थांचे काम. यांपैकी दुसरा मार्ग सर्वांत जुना व सर्वाधिक परिणामकारक मानला जातो. मात्र त्यास कोणत्याही कायद्याचा आधार नसल्याने तो सर्वांना सारखा उपलब्ध नसतो.

## संज्ञा

ज्येष्ठ वकिलाकडे काम शिकणाऱ्या नव्या वकिलास बोलीभाषेत ‘ज्युनिअर’ आणि त्याच्या मार्गदर्शकास ‘सीनिअर’ असे म्हणतात. येथील ‘सीनिअर’ हा शब्द अधिवक्ता अधिनियम, १९६१ मधील ‘ज्येष्ठ अधिवक्ता’ या पदाहून वेगळा आहे. ज्येष्ठ अधिवक्ता हा दर्जा सर्वोच्च किंवा उच्च न्यायालय देते, तर तालुका न्यायालयातील ‘सीनिअर’ म्हणजे ज्याच्या कचेरीत नवा वकील बसतो तो अनुभवी वकील होय. वकिलांच्या नोंदणीस व नोंदणीच्या प्रमाणपत्रास रूढ भाषेत ‘सनद’ म्हणतात. महाराष्ट्रात ती महाराष्ट्र व गोवा वकील परिषद देते.

## इतिहास

### ब्रिटिश काळ

ब्रिटिश अमदानीत वकिली व्यवसायात अनेक श्रेणी होत्या. बॅरिस्टर, अ‍ॅटर्नी, वकील, प्लीडर, मुखत्यार आणि महसुली कामे करणारे एजंट यांच्या पात्रता व अधिकार भिन्न होते. मुंबई उच्च न्यायालयाची स्थापना १८६२ साली झाली. त्याच्या मूळ अधिकारक्षेत्रात पक्षकाराशी व्यवहार करून प्रकरण तयार करण्याचे काम सॉलिसिटर करीत आणि न्यायालयात बाजू मांडण्याचे काम बॅरिस्टर किंवा अ‍ॅडव्होकेट करीत. ही दुहेरी पद्धत १९७६ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने संपुष्टात आली. सॉलिसिटर होण्यासाठी अनुभवी सॉलिसिटरच्या हाताखाली आर्टिकल क्लार्क म्हणून उमेदवारी करावी लागे. बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची सॉलिसिटर परीक्षा व तिच्याशी जोडलेली उमेदवारी आजही चालू आहे. मात्र वकिली करण्यासाठी ती आवश्यक नाही.

पदवी आणि कामाचे ज्ञान यांतील अंतराचे प्रसिद्ध उदाहरण मुंबईतच घडले. मोहनदास करमचंद गांधी १८९१ साली इंग्लंडमधून बॅरिस्टर होऊन परतले व काही महिने मुंबईत राहिले. लघुवाद न्यायालयातील पहिल्याच दाव्यात वादीच्या साक्षीदारांची उलटतपासणी घेण्यासाठी ते उभे राहिले, पण त्यांना एकही प्रश्न सुचला नाही. तीस रुपयांचे घेतलेले शुल्क त्यांनी परत केले आणि ते काम दुसऱ्या वकिलाकडे गेले. कायदा वाचला होता, वकिली करण्यास शिकलो नव्हतो, अशा आशयाची कबुली त्यांनी आपल्या आत्मकथेत दिली आहे. त्यांना पहिला आत्मविश्वास अर्जांचे मसुदे करताना आला. पुढे दक्षिण आफ्रिकेतील दादा अब्दुल्ला यांच्या प्रकरणात हिशेबाच्या वह्या व पत्रव्यवहार बारकाईने वाचताना वस्तुस्थितीचे महत्त्व त्यांना उमगले.

स्त्रियांना हा व्यवसाय दीर्घकाळ बंद होता. नाशिक येथे जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात ऑक्सफर्ड येथे कायद्याची परीक्षा दिली. परंतु स्त्रियांना वकिलीची मुभा देणारा कायदा १९२३ साली झाला. त्याच सुमारास मिठन टाटा (विवाहानंतर लाम) यांनी मुंबई उच्च न्यायालयात काम सुरू केले. त्यांनी भुलाभाई देसाई यांच्या चेंबरमध्ये उमेदवारी केली. अनुभवी वकिलाचे दार उघडे असण्याला किती महत्त्व आहे, हे या उदाहरणातून दिसते.

### अधिवक्ता अधिनियम आणि प्रशिक्षणाची सक्ती

अधिवक्ता अधिनियम, १९६१ ने सर्व श्रेणींऐवजी ‘अधिवक्ता’ हा एकच वर्ग निर्माण केला. या अधिनियमाच्या कलम २४ मध्ये प्रारंभी नोंदणीपूर्वी प्रशिक्षण घेऊन परीक्षा उत्तीर्ण होण्याची अट होती. कायद्याचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा होऊन त्यातच व्यावहारिक शिक्षण मिळेल, या अपेक्षेने १९७३ च्या दुरुस्तीने ही अट वगळण्यात आली. त्यानंतर पदवी मिळताच सनद घेता येऊ लागली.

भारतीय वकील परिषदेने १९९५ साली नियम करून नोंदणीपूर्वी एक वर्षाचे प्रशिक्षण सक्तीचे केले. हे नियम सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च १९९९ रोजी व्ही. सुधीर विरुद्ध भारतीय वकील परिषद या प्रकरणात रद्द ठरविले. प्रशिक्षणाची गरज न्यायालयाने नाकारली नाही; मात्र संसदेने काढून टाकलेली अट नियमांच्या मार्गाने पुन्हा आणण्याचा अधिकार परिषदेला नाही, असे मत नोंदविले.

यानंतर परिषदेने प्रशिक्षणाऐवजी परीक्षेचा मार्ग स्वीकारला. २०१० साली अखिल भारतीय वकील परीक्षेचा निर्णय झाला आणि पहिली परीक्षा ६ मार्च २०११ रोजी घेण्यात आली. नोंदणीनंतर दोन वर्षांच्या आत ही परीक्षा उत्तीर्ण होणे आवश्यक आहे. प्रश्न वस्तुनिष्ठ बहुपर्यायी स्वरूपाचे असून परीक्षा मराठीसह विविध भाषांत देता येते. टिपणे नसलेली कायद्यांची मूळ पुस्तके जवळ बाळगण्याची परवानगी असते. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने १० फेब्रुवारी २०२३ रोजी ही परीक्षा घेण्याचा परिषदेचा अधिकार मान्य केला आणि १९९९ चा निकाल योग्य कायदा सांगत नसल्याचे जाहीर केले. त्यामुळे प्रशिक्षण सक्तीचे करण्याच्या मार्गातील मुख्य कायदेशीर अडचण दूर झाली. मात्र प्रत्यक्षात बहुपर्यायी परीक्षेची पद्धतच चालू राहिली.

## विधी महाविद्यालयातील प्रात्यक्षिक शिक्षण

महाराष्ट्रातील औपचारिक विधी शिक्षणाचा आरंभ १८५५ साली मुंबईत झाला. त्याच परंपरेतील शासकीय विधी महाविद्यालय आजही कार्यरत आहे. पुण्याचे आयएलएस विधी महाविद्यालय १९२४ साली सुरू झाले. दिवसा न्यायालयात काम करणाऱ्या वकिलांनी सकाळी वा सायंकाळी अध्यापन करावे, ही या महाविद्यालयांची जुनी रीत होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी शासकीय विधी महाविद्यालयात अध्यापन केले व १९३५ साली ते तेथील प्राचार्य झाले. पुढे भारताचे सरन्यायाधीश झालेले यशवंत विष्णु चंद्रचूड यांनीही वकिली करीत असताना तेथे अध्यापन केले. या रीतीमुळे विद्यार्थ्यास न्यायालयातील अनुभव ऐकावयास मिळे. पण ऐकणे व करणे यांतील अंतर उरतच असे.

भारतीय वकील परिषदेच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांनुसार पदवी अभ्यासक्रमात चार प्रात्यक्षिक विषय सक्तीचे आहेत:

* मसुदालेखन, अभिवचने व हस्तांतरणलेखन : वादपत्र, कैफियत, अर्ज, तक्रार, अपील इत्यादींचे १५ आणि खरेदीखत, गहाणखत, भाडेपट्टा, बक्षीसपत्र, मृत्युपत्र इत्यादींचे १५ मसुदे विद्यार्थ्याने तयार करावयाचे असतात.
* व्यावसायिक नीती व हिशेबपद्धती : न्यायालय, पक्षकार, प्रतिपक्ष व सहव्यावसायिक यांच्याविषयीची कर्तव्ये, शिस्तभंगाच्या प्रकरणांतील निर्णय आणि पक्षकाराच्या पैशाचा हिशेब.
* पर्यायी वादनिवारण : वाटाघाट, समेट, मध्यस्थी व लवाद.
* अभिरूप न्यायालय व आंतरवासिता : तीन अभिरूप न्यायालये, एका दिवाणी व एका फौजदारी खटल्याचे निरीक्षण, पक्षकारांच्या दोन मुलाखतींचे निरीक्षण आणि दैनंदिनी.

तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात एकूण किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे आंतरवासिता करावी लागते. एका वर्षात ती सलग चार आठवड्यांहून अधिक असू शकत नाही. संपूर्ण शिक्षणकाळात एकदा तरी विचारण न्यायालयात व अपील न्यायालयात काम करणाऱ्या वकिलांकडे काम केलेले असावे, अशीही अट आहे.

या व्यवस्थेची मर्यादा कालावधीत आहे. दिवाणी दावा दाखल होण्यापासून निकालापर्यंत अनेक वर्षे लागू शकतात. चार आठवड्यांत विद्यार्थ्यास त्यातील एखादी तारीख पाहावयास मिळते. दावा कसा उभा राहतो, मध्येच कसा अडतो आणि कशाने फिरतो हे दिसत नाही. अभिरूप न्यायालयात वस्तुस्थिती आधीच लिहून दिलेली असते आणि स्पर्धा कायद्याच्या मुद्द्यांवर होते. तालुका न्यायालयात मात्र वस्तुस्थिती शोधून ती पुराव्याने सिद्ध करणे हेच मुख्य काम असते.

## ज्येष्ठ वकिलाकडील उमेदवारी

सनद मिळाल्यानंतर एखाद्या अनुभवी वकिलाच्या कचेरीत काही वर्षे काम करण्याची प्रथा महाराष्ट्रात सर्वत्र आहे. उमेदवारीचा काळ, कामाचे स्वरूप व मोबदला यांविषयी लेखी करार सहसा नसतो. तरीही शिकण्याचा क्रम बहुतेक ठिकाणी सारखाच आढळतो.

प्रारंभी नवा वकील दिवसाचा बोर्ड पाहून प्रकरणांच्या तारखा डायरीत नोंदवितो, पुकारा झाल्यावर हजर राहतो, सीनिअर दुसऱ्या न्यायालयात असल्यास मुदतीचा अर्ज देतो, नकलेसाठी अर्ज करतो आणि रोजनामा वाचतो. ही कामे किरकोळ भासतात. परंतु शिरस्तेदार, नाझर, बेलिफ व नक्कल विभाग यांची कामे कशी चालतात आणि समन्स बजावले न गेल्यास पुढे काय करावे लागते, हे याच काळात समजते. दुसऱ्या टप्प्यात तो मसुदे लिहितो व सीनिअर ते दुरुस्त करतो. तिसऱ्या टप्प्यात त्याला पंच किंवा औपचारिक साक्षीदार तपासण्यास दिले जातात, किरकोळ अर्जांवर युक्तिवाद करू दिला जातो आणि पक्षकाराशी स्वतंत्रपणे बोलण्याची मुभा मिळते. स्वतःचे वकालतपत्र दाखल करणे हा या प्रवासातील महत्त्वाचा टप्पा होय.

ठाणे जिल्ह्यातील सार्वजनिकरीत्या ज्ञात उदाहरण म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश अभय श्रीनिवास ओक. १९८३ साली सनद मिळाल्यावर त्यांनी ठाणे जिल्हा न्यायालयात वडील श्रीनिवास ओक यांच्या चेंबरमध्ये काम सुरू केले आणि १९८५–८६ मध्ये ते व्ही. पी. टिपणीस यांच्या चेंबरमध्ये गेले. २०२३ साली वकील परीक्षेविषयीचा निकाल देणाऱ्या घटनापीठात त्यांचा समावेश होता. माजी सरन्यायाधीश भूषण रामकृष्ण गवई यांनीही १९८५ साली वकिली सुरू केल्यावर बॅरिस्टर राजा भोसले यांच्याकडे उमेदवारी केली होती.

भारतीय वकील परिषदेच्या नियमांत उमेदवारीविषयी एक उल्लेखनीय तरतूद आहे. नोंदणीस पात्र होण्यासाठी आवश्यक असलेले प्रशिक्षण देण्याबद्दल कोणत्याही वकिलाने शुल्क किंवा अन्य मोबदला मागणे वा स्वीकारणे नियम ४५ अन्वये अनुचित ठरविले आहे. नोंदणीपूर्व प्रशिक्षणाची सक्ती राहिलेली नसली तरी विद्या देणे हे वकिलाचे कर्तव्य आहे, ही कल्पना या नियमात दिसते.

## प्रमुख कौशल्ये

### पक्षकाराची मुलाखत

पक्षकार आपली हकिकत क्रमाने सांगत नाही. त्याला जे अन्यायकारक वाटते ते तो प्रथम सांगतो आणि स्वतःच्या विरोधात जाणारी बाब बहुधा सांगतच नाही. त्यामुळे हकिकत न तोडता ऐकणे, नंतर तारखांचा क्रम लावणे, प्रत्येक विधानासाठी कागद किंवा साक्षीदार आहे का ते विचारणे आणि प्रतिपक्ष काय म्हणेल याचा अंदाज घेणे या गोष्टी नव्या वकिलास शिकाव्या लागतात. मूळ कागद स्वतः पाहिल्याशिवाय मसुदा करू नये, हा या शिक्षणातील पहिला नियम होय.

### मसुदालेखन

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ६ नुसार अभिवचनांत महत्त्वाची वस्तुस्थिती लिहावयाची असते. तिचा पुरावा लिहावयाचा नसतो. वादपत्रात दाव्यास कारण केव्हा व कोठे घडले, न्यायालयास अधिकार कसा पोहोचतो, दाव्याची किंमत व न्यायशुल्क किती, मिळकतीचे वर्णन व चतुःसीमा काय आणि नेमकी विनंती कोणती, हे स्पष्ट असावे लागते. जी विनंती केलेली नाही ती सहसा मंजूर होत नाही, म्हणून विनंतीचा परिच्छेद सर्वांत अधिक काळजीने लिहिण्यास शिकविले जाते. महाराष्ट्रातील दिवाणी न्यायालयांत तात्पुरत्या मनाईचा अर्ज बहुधा निशाणी ५ वर नोंदला जातो. त्यामुळे ‘निशाणी पाच’ हा शब्दप्रयोग वकिलांच्या बोलण्यात मनाई अर्जाचे दुसरे नाव झाला आहे.

### मुदतींचे भान

मुदतीचे महत्त्व शिकविण्यासाठी धनादेश न वटल्याचे प्रकरण हे सोयीचे उदाहरण ठरते. परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ नुसार धनादेश न वटल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी मागणीची नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम न दिल्यास दाव्यास कारण घडते आणि तेथून एक महिन्याच्या आत तक्रार दाखल करावी लागते. तक्रारीस झालेला विलंब पुरेसे कारण दाखविल्यास माफ होऊ शकतो. नोटिशीस झालेला विलंब माफ करण्याची तरतूद मात्र कायद्यात नाही. डायरीतील एका चुकीच्या नोंदीमुळे पक्षकाराचा तक्रारीचा हक्क कायमचा जाऊ शकतो, हे या एका प्रकरणातून नव्या वकिलास समजते. कैफियतीची ३० दिवसांची मुदत, ती वाढविण्याची मर्यादा आणि शासनाविरुद्धच्या दाव्यापूर्वीची दोन महिन्यांची नोटीस हीदेखील अशीच उदाहरणे होत.

### पुरावा व उलटतपासणी

दिवाणी दाव्यात साक्षीदाराची सरतपासणी शपथपत्रावर होते. उलटतपासणी मात्र तोंडी असते. हेतू ठरविल्याशिवाय प्रश्न विचारू नये, साक्षीदारास स्पष्टीकरण देण्याची संधी मिळेल असा प्रश्न टाळावा आणि हवे ते उत्तर मिळाल्यावर थांबावे, ही उलटतपासणीची पारंपरिक पथ्ये आहेत. फौजदारी खटल्यात साक्षीदाराने पोलिसांपुढे दिलेला जबाब मुख्यतः विसंगती दाखविण्यासाठी वापरता येतो. त्यासाठी जबाबातील नेमका मजकूर साक्षीदाराच्या निदर्शनास आणणे, त्या भागावर खूण करून घेणे आणि पुढे तपास अधिकाऱ्याच्या साक्षीत तो सिद्ध करणे हे तीन टप्पे पाळावे लागतात. यांतील एक टप्पा राहिल्यास विसंगती असूनही ती उपयोगी पडत नाही. ही कृती पुस्तकातून समजते. पण ती अंगवळणी पडण्यासाठी चालू खटल्यात बसून पाहावी लागते.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता व भारतीय साक्ष अधिनियम लागू झाल्याने नवे व अनुभवी असे सर्वच वकील काही अंशी विद्यार्थी झाले. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार द्यावयाचे प्रमाणपत्र आता ठरावीक नमुन्यात द्यावे लागते. ई-फायलिंग, प्रकरणाचा सोळा अंकी सीएनआर क्रमांक आणि दूरदृश्य प्रणालीद्वारे हजेरी हे विषयही प्रशिक्षणात आले आहेत. या बाबतीत नवे वकील सीनिअरला शिकवितात, असेही अनेक कचेऱ्यांत दिसते.

### व्यावसायिक नीती

निकालाच्या यशावर अवलंबून असलेले शुल्क ठरविणे, दाव्याच्या रकमेत वाटा घेणे, कामासाठी जाहिरात करणे आणि पक्षकाराच्या पैशाचा हिशेब न ठेवणे या गोष्टी वकील परिषदेच्या नियमांत निषिद्ध आहेत. गैरवर्तनाबद्दल अधिवक्ता अधिनियमाच्या कलम ३५ नुसार कारवाई होते. नियम पाठ करता येतात. परंतु खोटे प्रतिज्ञापत्र करण्याचा आग्रह धरणाऱ्या पक्षकारास नकार कसा द्यावा आणि विरोधी निवाडा माहीत असताना न्यायालयापुढे कसे वागावे, हे सीनिअरच्या वर्तनातूनच शिकले जाते. त्यामुळे चांगल्याप्रमाणेच वाईट सवयीही उमेदवारीतून पुढच्या पिढीकडे जातात.

## न्यायालयाची भाषा

१९९८ च्या शासकीय अधिसूचनेनुसार महाराष्ट्रातील जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. उच्च न्यायालयाचे कामकाज राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ नुसार इंग्रजीत चालते. विधी महाविद्यालयांतील अध्यापन आणि पाठ्यपुस्तके मोठ्या प्रमाणात इंग्रजीत असल्यामुळे नव्या वकिलास तालुका न्यायालयात आल्यावर व्यवसायाची मराठी वेगळी शिकावी लागते. वादपत्र, कैफियत, दरखास्त, तूर्तातूर्त मनाई, मुद्देमाल, पुरसिस, फेरफार अशा शब्दांचा नेमका अर्थ आणि साक्षीच्या नोंदीतील ‘हे म्हणणे खरे नाही की’ अशा ठरावीक वाक्यरचना तो जुन्या फायली वाचून आत्मसात करतो. राज्याच्या भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश या कामी उपयोगी पडतो. मराठी माध्यमात शिकलेल्या विद्यार्थ्याची अडचण महाविद्यालयात इंग्रजीची असते, तर इंग्रजी माध्यमात शिकलेल्याची न्यायालयात मराठीची. दोन्ही भाषांत मसुदा करता येणे हे महाराष्ट्रातील वकिलाचे आवश्यक कौशल्य ठरते.

## अंबरनाथ–उल्हासनगर परिसर

न्यायालयाच्या परिसरानुसार वकिलास लागणारे ज्ञान बदलते. अंबरनाथ, उल्हासनगर व बदलापूर ही ठाणे जिल्ह्यातील शहरे याचे चांगले उदाहरण आहेत. येथील प्रकरणे स्थानिक दिवाणी व फौजदारी न्यायालय, कल्याणचे जिल्हा व अतिरिक्त सत्र न्यायालय आणि ठाण्याचे जिल्हा न्यायालय अशा पायऱ्यांनी जातात. कामगार व ग्राहक वादांसाठी ठाण्यास जावे लागते, तर महसुली अपिले उल्हासनगरच्या उपविभागीय अधिकाऱ्यांपुढे चालतात. या भागात उल्हासनगर येथे नारी गुरसहानी विधी महाविद्यालय असून ठाणे येथेही विधी महाविद्यालय आहे.

अंबरनाथमधील मोरिवली भागात औद्योगिक वसाहत आहे. त्यामुळे कामावरून कमी केलेल्या कामगाराची तक्रार, अपघाताची भरपाई, लघुउद्योजकाचे थकलेले बिल व न वटलेला धनादेश ही येथील नव्या वकिलाकडे येणारी स्वाभाविक प्रकरणे होत. बदलापूरच्या परिसरात शेतजमिनींवर गृहसंकुले उभी राहिल्याने सातबारा, आठ-अ, फेरफार, कुळकायद्याच्या नोंदी व विकसन करारनामा वाचता येणे आवश्यक असते. उल्हासनगरची स्थिती आणखी निराळी आहे. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या छावणीतून १९४९ साली या नगराची निर्मिती झाली. तेथील अनेक मिळकतींच्या मालकीचा माग पुनर्वसनाच्या कायद्यांखाली दिलेल्या सनदांपर्यंत न्यावा लागतो. अनधिकृत बांधकामे नियमित करण्यासाठी राज्याने २००६ साली केवळ या शहरापुरता स्वतंत्र अधिनियमही केला. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात अशा स्थानिक बाबींस जागा नसते. त्या जाणणाऱ्या अनुभवी वकिलाजवळ बसूनच त्या शिकाव्या लागतात. त्याने कोणास शिकविले नाही तर ते ज्ञान त्याच्याबरोबर संपते.

## विधी सेवा संस्थांतील शिक्षण

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ खाली राज्य, जिल्हा व तालुका स्तरांवर गरजूंना मोफत विधी साहाय्य दिले जाते. विधी महाविद्यालयांतील विधी साहाय्य केंद्रांत विद्यार्थ्यांना खऱ्या पक्षकारांशी बोलण्याची व अर्ज लिहून देण्याची संधी मिळते. २०२२ पासून देशात विस्तारलेल्या विधी साहाय्य बचाव पक्ष व्यवस्थेत मुख्य, उप व साहाय्यक अशी पदे असून साहाय्यक पदावर कमी अनुभवाचे वकीलही नेमले जातात. ठरावीक मानधन व नियमित काम मिळत असल्याने, वकिलीची कौटुंबिक पार्श्वभूमी नसलेल्यांना हा मार्ग उपयुक्त ठरतो. मात्र आरोपीचे स्वातंत्र्य पणाला लागलेले असल्याने या व्यवस्थेत शिकणाऱ्यावर देखरेख असणे अगत्याचे आहे.

न्यायाधीशांच्या प्रशिक्षणासाठी ठाणे जिल्ह्यातच उत्तन येथे महाराष्ट्र न्यायिक अकादमी आहे. नव्याने निवड झालेल्या न्यायाधीशास पद सांभाळण्यापूर्वी प्रशिक्षण मिळते. त्याच्यापुढे उभ्या राहणाऱ्या नव्या वकिलास मात्र सनदेच्या दुसऱ्या दिवसापासून कोणतेही प्रकरण चालविता येते.

## विद्यावेतन आणि समान संधीचा प्रश्न

उमेदवारीच्या काळात नव्या वकिलास मिळणारी रक्कम सीनिअरच्या इच्छेवर अवलंबून असते. अनेकांना प्रारंभी प्रवासखर्चापुरतेच पैसे मिळतात. ज्याच्या घरात वकिली आहे किंवा ज्याचे कुटुंब काही वर्षे आधार देऊ शकते त्याला हा काळ काढता येतो. इतरांना नोकरी धरावी लागते अथवा तयारी होण्याआधीच स्वतंत्र काम घ्यावे लागते. भारतीय वकील परिषदेने ऑक्टोबर २०२४ मध्ये कनिष्ठ वकिलांना शहरी भागात दरमहा किमान २०,००० रुपये व ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे, अशी शिफारस केली. ती बंधनकारक नाही. तालुका न्यायालयातील बहुतेक कचेऱ्या एकट्या वकिलाच्या असतात व त्यांचे उत्पन्न अनियमित असते, त्यामुळे इतकी रक्कम देणे त्यांना परवडणार नाही, असा आक्षेप घेतला जातो. मोबदल्याविना शिकविणे म्हणजे व्यवसाय ठरावीक कुटुंबांपुरता राखणे होय, असे शिफारशीच्या समर्थकांचे म्हणणे आहे.

सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी नोंदणी शुल्क कायद्यात नमूद केलेल्या रकमेपेक्षा अधिक घेता येणार नाही, असा निकाल दिला. ही रक्कम सर्वसाधारण उमेदवारास ७५० रुपये व अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारास १२५ रुपये आहे. या निकालाने सनदेचा खर्च कमी झाला. उमेदवारीच्या वर्षांचा खर्च तसाच राहिला.

२० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. न्यायाधीशपदापूर्वी न्यायालयाचा अनुभव आवश्यक असल्याचे त्यात मान्य झाले. या तीन वर्षांत नेमके काय शिकावे व कोणी शिकवावे, हे मात्र ठरलेले नाही.

## अन्य देशांतील पद्धती

इंग्लंडमध्ये बॅरिस्टर होणाऱ्यास ‘पुपिलेज’ नावाची एक वर्षाची उमेदवारी करावी लागते आणि तिच्यासाठी किमान मोबदला ठरलेला आहे. सॉलिसिटरसाठी परीक्षेबरोबर दोन वर्षांचा कामाचा अनुभव आवश्यक आहे. जर्मनीत विद्यापीठीय शिक्षणानंतर सुमारे दोन वर्षे न्यायालय, सरकारी अभियोक्ता, प्रशासन व वकिलाची कचेरी येथे सवेतन प्रशिक्षण घेतल्यावर दुसरी राज्य परीक्षा द्यावी लागते. अमेरिकेत बहुतेक राज्यांत सक्तीची उमेदवारी नाही. तेथे विधी विद्यालयांच्या चिकित्सालयांत विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली खऱ्या पक्षकारांची कामे करतात. भारतात या चिकित्सालयीन विधी शिक्षणाचा पुरस्कार एन. आर. माधव मेनन यांनी केला.

## मूल्यमापन

भारतातील व्यवस्थेत ज्ञानाची परीक्षा आहे, पण कौशल्याची नाही. बहुपर्यायी प्रश्नपत्रिकेतून मसुदा लिहिता येतो का किंवा साक्षीदार तपासता येतो का, हे कळू शकत नाही. दुसरीकडे, सक्तीची उमेदवारी लागू केल्यास हजारो पदवीधरांना शिकविण्यास सक्षम व तयार असे वकील कोठून आणावयाचे आणि त्या काळातील निर्वाहाचा भार कोणी उचलावयाचा, हे प्रश्न उभे राहतात. जिल्हा स्तरावर वकील संघटनांनी मार्गदर्शकांची नोंद ठेवावी, विद्यावेतनासाठी कल्याण निधी उभारावा आणि विधी सेवा प्राधिकरणातील काम प्रशिक्षण म्हणून ग्राह्य धरावे, असे उपाय या चर्चेत सुचविले जातात. प्रशिक्षणातील उणिवेची किंमत बहुतेक वेळा वकिलास द्यावी लागत नाही. चुकलेली मुदत, राहून गेलेली विनंती किंवा न विचारलेला प्रश्न यांचा परिणाम पक्षकारास भोगावा लागतो, आणि आपला वकील नवखा आहे हे त्याला अनेकदा निकाल लागेपर्यंत समजत नाही.